अंजनीचा डबा

२१ नोव्हेंबर

पहिलं बाळंतपण माहेरी, अशी रीत आहे. पण सुनेत्राची आई कधीचीच गेली, आणि बाप, म्हणजे माझा मुलगा, स्वतःच्या चहात साखर समजून मीठ घालतो. म्हणून यंदा माहेरच बसमध्ये बसून लेकीकडे आलं. माहेर म्हणजे मी. मालनबाई, राहणार मझौली. सोबत एक पेटी, तुरीच्या शेंगांची पिशवी आणि दोन दुखरे गुडघे. सिहोऱ्याला गाडी बदलली तेव्हा कंडक्टरने विचारलं, अम्मा, अकेली हो? मी म्हटलं, नाही बाप्पा, हे दोघं आहेत, यांचं तिकीट लागते का ते सांग.

सुनेत्रा माझी नात. सातवा सरून आठवा लागून राहिला. डॉक्टरीणबाईने आराम सांगितला आहे, तर ही पलंगावर पडून पोटावर संगणक ठेवते आणि त्याला आराम म्हणते. ही रोजनिशी तिच्याच डोक्यातली. आजी, तू बोल, मी लिहिते, पोराला पुढे कळेल की आधी घरात कोण कोण होतं. मला अक्षर येत नाही. शाळेत एकदाच गेले होते, बकरी शोधायला. सुनेत्रा मात्र नागपूरला शिकली, तिला मराठी लिहिता येते. बोलायला लागली की अर्ध्यातून हिंदीत उतरते, ते वेगळं. सुरुवातीचं वाचून दाखव म्हटलं तर माझं ‘काहून’ गायब, तिथे ‘का’ बसलेलं. मी हटकलं. आता राहू देते.

घर मदन महाल नावाच्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीखाली स्टेशन. कोणती गाडी किती उशिराने येऊन राहिली हे मला फुकटात कळते. नातजावई अच्युत कटनीला रेल्वेत आहे, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. त्याची मोठी बहीण पद्मजा मागच्या गल्लीत राहते, तिचं डब्यांचं काम आहे. आल्या आल्या तिने मला भरताचा डबा पाठवला. मीठ कमी होतं. मी डबा घासून त्यात मूठभर शेंगा घालून परत केला. कुणाचं भांडं रिकामं पाठवू नये, मीठ कमी असलं तरी.

घर उजेडाचं आहे. मला आवडलं.

२४ नोव्हेंबर

आज मला सुनेत्राचं काम कळलं. म्हणजे मला कळलं असं तिला वाटते.

पद्मजाच्या डब्यांसाठी हिने एक वेब अ‍ॅप बनवलं आहे. डबा कुणाला, कुठे, किती माणसांचा, तिखट की फिका, सगळं त्यात. रोज सकाळी त्यातून चिठ्ठ्या छापून निघतात, त्या डब्यांना चिकटवतात आणि अंबादास स्कूटरवर वाटून येतो. अंबादास पन्नाशीचा माणूस आहे, पद्मजाकडे सुरुवातीपासून. आता पद्मजाचं दुखणं असं, की महिना बदलला की कित्येकांचं काही ना काही बदलते, आणि अ‍ॅपमध्ये एकेक नाव उघडून बदलायला तिचा जीव जातो. तिला एक्सेलची सवय. सगळी नावं मला एका शीटवर दे, मी भराभर बदलते, मग ती शीट तू परत आत घे, असं तिचं म्हणणं. तेच सुनेत्रा करून राहिली आहे. शीट उतरवायची, शीट चढवायची. भाताच्या भांड्यासारखं.

चढवताना अ‍ॅप आधी दाखवते. नवी ओळ हिरवी, बदललेली पिवळी, काही चुकलं असेल तर लाल. मग विचारते, घेऊ का? मला हे फार पटलं. अक्षर न येणाऱ्या बाईलाही रंग तर कळतात.

दोघींचं एका गोष्टीवर अडलं. शीटमध्ये एखादं नाव राहूनच गेलं तर काय करायचं? सुनेत्रा म्हणाली, अ‍ॅपने ते पुसून टाकावं, म्हणजे शीट आणि अ‍ॅप सारखे राहतील. पद्मजा म्हणाली, आणि माझ्या हातून एखादा म्हातारा माणूस राहून गेला तर दुपारी तो दाराच्या कडीकडे पाहत बसेल. मग माझ्याकडे वळल्या. मी सांगितलं, पंगतीला बसलेल्याला उठवत नाहीत. नवा आला तर पान वाढवा. दोघींना पटलं. सुनेत्राने तसंच केलं. शीट चढवली की नावं वाढतील, बदलतील, पण जाणार नाहीत. कुणाला काढायचंच असेल तर अ‍ॅपमध्ये जाऊन हाताने काढायचं.

सगळं चालते का हे पाहायला एक खोटी ओळ हवी होती. सुनेत्रा म्हणाली, आजी, किसी का भी नाम दे दो, फक्त खरा माणूस नको.

मी म्हटलं, अंजनी लिही.

अंजनी माझी सवत. मी तिला पाहिलेलं नाही. पहिल्या बाळंतपणात, आठव्या महिन्यात, पोटातल्या जिवासकट ती गेली, आणि पुढच्या वर्षी मी त्या घरात आले. आमच्यात दुसरेपणाच्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा चांदीचा टाक घालतात, तिने रागावू नये म्हणून. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. इतकी वर्षं गळ्यात वागवून राहिली आहे मी तिला. माझ्यापेक्षा हलकी आहे, तक्रार करत नाही. एक डबा तिच्या नावाने झाला तर काय बिघडलं?

सुनेत्रा हसली. पत्ता आमचाच टाकला, माणसं एक. ओळ हिरवी झाली. घेऊ का, असं विचारलं. बटण तिने मला दाबू दिलं.

२९ नोव्हेंबर

खोटी ओळ काढायची सुनेत्रा विसरली, आणि आज सकाळी चिठ्ठ्या पहिल्यांदा नव्या यादीवरून छापल्या, तर अंजनीच्या नावाचीही निघाली. पद्मजाला वाटलं, आजीलाच डबा हवा असेल, लाजेने दुसऱ्या नावाने मागवला. अंबादास तीन जिने चढून दाराच्या कडीला डबा अडकवून गेला.

मी गच्चीवर शेंगा सोलत होते. खाली आले तर डबा ओट्यावर. घासलेला, पुसलेला, आणि आत चिमूटभर साखर. मला बरं वाटलं. आईविना वाढली, पण पोरीला वळण आहे. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, मी तर झोपले होते, मला वाटलं तूच खाल्लास.

दोघी हसलो. मी म्हटलं, पोटातल्याने उठून खाल्ला असेल, तुझ्यापेक्षा कामाचा निघाला.

३ डिसेंबर

अंजनीला काढलं होतं. सुनेत्राने माझ्यासमोर अ‍ॅपमधून तिचं नाव पुसलं. पण पद्मजाच्या फोनमध्ये आधी उतरवलेली शीट होती, तीत अंजनी होतीच. महिना लागला म्हणून पद्मजाने फेरफार करून ती शीट चढवली. अंजनी पुन्हा आत, हिरव्या ओळीने. सुनेत्राने समजावून सांगितलं. समजलं. समजण्यासारखंच होतं.

तोवर तीन डबे येऊन गेले. तिन्ही खाल्ले गेले. परवा आत हळकुंड निघालं, काल खारीक. आज रविवार, अच्युत घरी होता. त्याने ठरवलं की ही बिल्डिंगमधल्या पोरांची मस्करी आहे, आणि दारासमोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसला. डबा कडीवरून काढून स्वतः पायाशी ठेवला. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही. जेवायला उठताना त्याने डबा उचलला तर हलका लागला. आत मूठभर गहू.

तो हसला नाही. मला म्हणाला, आजी, तुम्ही काही करत असाल तर सांगून टाका.

मी म्हटलं, मला एवढं चपळाईने वाकता आलं असतं तर मी मझौलीहून चालत आले असते.

८ डिसेंबर

दोन्हीकडून काढली. अ‍ॅपमधून, पद्मजाच्या शीटमधून. जुन्या शीटही पुसायला लावल्या. चार दिवस कडी रिकामी राहिली. मी ताकाची कढी केली, सुनेत्रा दोन वाट्या प्यायली. चेहरा टवटवीत झाला तिचा.

आज पद्मजाने अ‍ॅपमधून नवी कोरी शीट उतरवली. शेवटच्या ओळीत अंजनी.

शीटमध्ये सूचनेचा एक रकाना आहे. तिखट नको, पोळी जास्त, असं त्यात लिहितात. अंजनीचा रकाना आम्ही कोरा सोडला होता. आता भरलेला होता. सुनेत्राने वाचलं. तिखट नको. तुपातला शिरा. डिंकाचे लाडू. बाळंतशोपा.

हे बाळंतिणीचं जेवण आहे. मी सांगायची गरज नव्हती, सुनेत्रालाही कळलं.

कोणता बदल कुणी केला हे अ‍ॅप लक्षात ठेवते म्हणे. तिने ते उघडून पाहिलं. प्रत्येक बदलापुढे एक नाव आहे, पद्मजाचं नाहीतर तिचं. या बदलापुढे कोरं. तिने संगणक मिटला आणि पोटावरून खाली ठेवला. पहिल्यांदाच, मी आल्यापासून.

१३ डिसेंबर

आजचं सुनेत्राकडून लिहून घ्यायची हिंमत नाही. तिचा जुना फोन घेतला आहे. त्यात माइकचं चित्र दाबून बोललं की अक्षरं उमटतात. उमटताना दिसतात. काय उमटते ते मला कळत नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

नाव पुसतात तरी डबा निघतोच. आज आत सुपारी होती.

मी सगळं एका ताटात मांडलं. हळकुंड, खारीक, गहू, सुपारी. मांडून होईपर्यंत लक्षात आलं नाही. मग ओट्याला धरून उभी राहिले.

ही ओटी आहे. कुणीतरी सुनेत्राची ओटी भरून राहिलं, एकेक जिन्नस आणून.

ताट पदराखाली झाकून खाली नेलं, बिल्डिंगमागे बसणाऱ्या गायीला घातलं. गायीने तोंड लावलं नाही.

गळ्यातला टाक हातात धरून पाहिला. चांदी तीच, दोरा तोच. पण रोज छातीवर एक वजन असायचं, ते नाही. त्यात आता कुणी नाही.

१६ डिसेंबर

सुनेत्राने आज आपणहून सांगितलं. लपवून होती. डब्याची वेळ झाली की पोटातलं हलायचं थांबते. अंबादास जिना चढतो तेव्हापासून. डबा रिकामा झाला की पुन्हा हलते.

डॉक्टरीणबाईने तपासलं, म्हणाली, सब ठीक है, आराम करो.

पद्मजाला म्हटलं, नको पाठवू डबा. तिने नाही पाठवला. पोट सांजेपर्यंत थांबून राहिलं. सुनेत्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती, हात पोटावर, ओठ निळे. शेवटी मीच शिरा केला, तूप सोडलं, वाटी दाराबाहेर ठेवली. दार लावलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, आजी, हलून राहिलं.

मग दोघी रडलो. मी आधी.

१७ डिसेंबर

अच्युत म्हणाला, अ‍ॅपच बंद करा. बंद करायच्या आधी सुनेत्राने शेवटची शीट उतरवली, लोकांचे पत्ते हाताशी असावेत म्हणून. मी बाजूला बसले होते. अंजनीची ओळ आता मी ओळखते, सगळ्यात खालची, आखूड. रंग शीट चढवताना दिसतात, ही उतरवतानाच पिवळी होती. पिवळी म्हणजे बदललेली.

काय बदललं, मी विचारलं. तिने पडदा माझ्याकडून वळवला. पुन्हा विचारलं.

“माणसं,” ती म्हणाली. “एक होतं, आजी. दोन झालं.”

१९ डिसेंबर

सकाळी सुनेत्राचं पाणी गेलं. दिवस भरले नाहीत. अच्युत या सोमवारी कटनीला गेलाच नव्हता, तो दवाखान्यात घेऊन गेला, पद्मजा मागून गेली. माझे गुडघे आज तीन जिने उतरेनात. घरात मी. बोलायला सुनेत्राचा फोन, ऐकायला माझा बटणांचा.

अंजनीही आठव्यातच गेली. तिचं पोर रडलं नव्हतं. तिला आपलं पोर पाहिजे, आणि दारात एक आयतं आहे. मी तिच्यावर रागावत नाही. पण हे पोर सुनेत्राचं आहे.

पद्मजाला फोन लावला. शीट तिच्याजवळ आहे, चालू-बंद करायचं बटणही. मी म्हटलं, अ‍ॅप चालू कर. अंजनीखाली माझं नाव टाक. मालन. पत्ता हाच. ती म्हणाली, आजी, ये वक्त है क्या इस बात का? तिचा आवाज फाटला होता. आत सुनेत्रा ओरडून राहिली होती, मला ऐकू येत होतं.

“लिही बाई,” मी म्हटलं. “दोघांना जेवायचं असेल तर दुसरी मी. बाळाच्या जागी मी. चढव आणि हो म्हण.”

तिने चढवली. म्हणाली, हिरवी झाली.

पोरी, तू मोठी होऊन हे वाचलंस तर — की पोरा — रडू नको. मी म्हातारी आहे, मला जायला लांब नाही. आणि तिच्यासोबत इतकी वर्षं राहिली आहे मी, तोंडओळख नाही एवढंच.

वेणी घातली. नवं लुगडं नेसले. आधी तिला दाखवलं.

२० डिसेंबर

रात्रभर कुणी आलं नाही. उजाडलं. गाड्या येऊन-जाऊन राहिल्या. मी आहे अजून.

दुपार. पद्मजा दवाखान्यात, तरी डबे निघाले; अंबादासची स्कूटर खाली थांबली. जिना चढतो आहे. कडी वाजली — गेला. मी दार उघडलं नाही. थोडं थांबते. तिला यायचं तर येईल, दाराला कधी अडली नाही.

माझा फोन वाजून राहिला —

मुलगी झाली. मुलगी. आत्ताच. लहान आहे पण आवाज मोठा, पद्मजा म्हणते. सुनेत्रा शुद्धीवर आहे, हसली. पद्मजाने फोन पोरीजवळ धरला, मी ऐकलं. कशी रडते बाप्पा. सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल. मी हसले, मला रडू —

मग पद्मजा म्हणाली, आजी, एक सांगायचं राहिलं. तुझं नाव चढलं, पण वरच्या ओळीत दोनाचे दोनच आहेत. माणशी एक, म्हणजे तुझ्याकडे तीन डबे आले असतील आज. सांजेला नीट करते.

तीन.

दार उघडलं. तीन आहेत. दोन मोठे. एक लहान, वाटीएवढा —

बदललं नाही. वाढलं. अ‍ॅप कुणाला उठवत नाही, मीच तर त्यांना — मी पोरीच्या जागी नाही गेले. तिच्या बाजूला बसले फक्त.

पद्मजा, हाताने काढ. वरची ओळ हाताने काढ — हे तिला कसं पोचेल, हे नुसतं लिहून राहिलं — फोन लावते. उचलत नाही. पोरीला पुसायला नेलं म्हणाली होती. मग फोन ठेवला तिने.

ठेवला.

मग रडणं अजून काहून येऊन राहिलं —

फोन कानापासून लांब धरला. खाली ठेवला. उशीखाली घातला.

येऊनच राहिलं. तेच पोर, तोच आवाज. स्वयंपाकघरातून. आणि कुणीतरी तिला थोपटून — हळू हळू थोपटून — गप होते आहे पोर, गप —

सुनेत्रा, तिला घट्ट धर, तिला खाली ठेवू नको, कुणी मागितलं तरी